उशिरा येणारा करपा : ओळख, नियंत्रण आणि सामूहिक जबाबदारी

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिसेंबरअखेरीस उत्तर प्रदेशातील किंवा पश्चिम बंगालमधील बटाट्याच्या शेतावर सलग दोन-तीन दिवस धुके उतरते. सूर्यदर्शन होत नाही, पाने दुपारपर्यंत ओली राहतात, हवेत गारवा असतो पण कडाक्याची थंडी नसते. चौथ्या-पाचव्या दिवशी शेतकरी बांधावर येतो, तेव्हा काही झाडांच्या पानांच्या टोकांवर पाण्याने भिजल्यासारखे फिकट हिरवे डाग त्याला दिसतात. पुढच्या आठवड्यात तेच शेत गरम पाणी ओतल्यासारखे काळवंडून आडवे होते आणि कुजलेल्या पाल्याचा वास दूरवर येऊ लागतो. बेणे, खत, मजुरी आणि बहुधा कर्जही जमिनीत घालून बसलेल्या कुटुंबाच्या हाती त्या हंगामात काय पडणार, हे त्या आठ-दहा दिवसांत ठरून जाते.

या रोगाला मराठीत ‘उशिरा येणारा करपा’ म्हणतात. बटाटा व टोमॅटो या सोलॅनेसी कुळातील दोन्ही पिकांवर तो येतो. चीनखालोखाल जगात सर्वाधिक बटाटा पिकवणारा देश भारत आहे. देशाचे वार्षिक उत्पादन पाच कोटी टनांच्या पुढे गेले असून उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, बिहार, गुजरात आणि मध्य प्रदेश ही त्यातील अग्रेसर राज्ये होत. टोमॅटोच्या उत्पादनातही भारताचा क्रमांक दुसरा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००८ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय बटाटा वर्ष’ म्हणून साजरे केले आणि २०२४ पासून ३० मे हा आंतरराष्ट्रीय बटाटा दिन म्हणून पाळला जातो. गरिबाच्या ताटातील या पिकाला जगाने दिलेले हे महत्त्व पाहता, त्याच्या सर्वांत घातक रोगाची माहिती केवळ कृषिशास्त्राच्या अभ्यासकापुरती मर्यादित राहू नये. अन्नसुरक्षा, बियाणे धोरण, हवामान सल्ला, पीक विमा आणि वनस्पती संगरोध असे प्रशासनाचे अनेक विषय या एका रोगात एकत्र येतात.

एका दुष्काळाचा धडा

या रोगाचा इतिहास आयर्लंडपासून सुरू करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये हा रोग दिसला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तो आयर्लंडला पोहोचला. तेथील सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या पोटासाठी जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर विसंबून होती आणि त्यातही ‘लम्पर’ या एकाच वाणाचा वरचष्मा होता. बटाट्याची लागवड कंदांपासून होते. त्यामुळे एका वाणाची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी असतात. एक झाड ज्या रोगाला बळी पडते, त्याला सारे शिवार बळी पडते. पुढील काही वर्षांत उपासमार आणि तिच्यामागून आलेल्या साथींमध्ये सुमारे दहा लाख माणसे मरण पावली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली.

मात्र या आपत्तीचे सारे अपश्रेय रोगाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच काळात आयर्लंडमधून धान्याची निर्यात चालूच होती. जमीनदारी पद्धतीमुळे धान्य खंड भागवण्यासाठी विकले जाई आणि कुटुंबाच्या वाट्याला बटाटा उरे. बाजारात हस्तक्षेप न करण्याच्या तत्कालीन सरकारी धोरणाने मदत अपुरी ठेवली. रोगाने पीक नष्ट केले, पण त्याचे दुष्काळात रूपांतर धोरणाने केले, हा भेद परीक्षार्थींनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

त्या काळात रोगाच्या कारणाविषयीही मोठा वाद झाला. अतिवृष्टीमुळे झाडात पाणी साचून ते कुजते आणि कुजलेल्या भागावर नंतर बुरशी येते, असे अनेक मान्यवर वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत होते. इंग्लंडमधील धर्मोपदेशक व बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी १८४६ मध्ये याच्या उलट प्रतिपादन केले. बुरशी हा कुजण्याचा परिणाम नसून तेच कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांनी १८६० च्या दशकात प्रयोगांनी ते सिद्ध केले आणि १८७६ मध्ये या सूक्ष्मजीवाला ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’ हे नाव दिले. फायटोफ्थोरा या ग्रीक शब्दाचा अर्थ वनस्पतींचा विनाशक असा आहे. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनाने माणसाच्या व जनावरांच्या रोगांबाबत जंतुसिद्धान्त दृढ होण्यापूर्वीच वनस्पतींच्या रोगाबाबत हा विचार मांडला गेला होता. वनस्पती रोगशास्त्र या ज्ञानशाखेचा पाया त्यातून घातला गेला.

भारतात बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आला आहे. करप्याची भारतातील पहिली नोंद १८७० ते १८८० या दशकात निलगिरी पर्वतात झाली. त्यानंतर तो दार्जिलिंगच्या परिसरात आढळला आणि पुढे हिमालयाच्या उतारांवरून व बेण्याच्या वाहतुकीतून मैदानी प्रदेशात स्थिरावला.

बुरशीसारखा, पण बुरशी नव्हे

शेतकऱ्यांच्या भाषेत व कृषी पुस्तिकांतही हा ‘बुरशीजन्य’ रोग म्हटला जातो. व्यवहारात ते चालून जाते, परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीने फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाही. तो ऊमायसीट या गटातील जीव असून त्याचे नाते तपकिरी शैवाल व डायटम यांच्याशी अधिक जवळचे आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन हा मुख्य घटक असतो. ऊमायसीटांच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज व ग्लुकान असतात. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. खऱ्या बुरशीवर परिणाम करणारी कित्येक औषधे, उदाहरणार्थ कार्बेन्डाझिम, या जीवावर निष्प्रभ ठरतात. दुकानदाराने दिलेले ‘बुरशीचे औषध’ मारूनही करपा आटोक्यात येत नाही, यामागे अनेकदा हेच कारण असते.

रोगाची गती समजून घ्यायची तर त्याचे जीवनचक्र पाहावे लागते. रोगट पानाच्या खालच्या बाजूस लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म बीजाणुधानी तयार होतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांहून अधिक आणि तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस असेल, तर त्यांची निर्मिती विपुल होते. वाऱ्याने व पावसाच्या शिंतोड्यांनी त्या शेजारच्या झाडांवर, तसेच शेजारच्या गावांतही पोहोचतात. तापमान सुमारे १० ते १५ अंश असेल आणि पानावर पाण्याचा थर असेल, तर प्रत्येक बीजाणुधानीतून अनेक चल बीजाणू बाहेर पडतात. ते पाण्यात पोहत जाऊन पानाला चिकटतात आणि आत शिरतात. तापमान त्याहून जास्त असेल तर बीजाणुधानी स्वतःच अंकुरते. संसर्गापासून डाग दिसेपर्यंत साधारण तीन ते पाच दिवस लागतात आणि अनुकूल हवामानात आठवड्याभरात पुढची पिढी तयार होते. एका डागावर हजारो बीजाणुधानी निर्माण होत असल्याने आठवड्यागणिक रोगाची वाढ बेरजेने न होता गुणाकाराने होते. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले आणि हवा कोरडी झाली की हा वेग मंदावतो.

या माहितीतून एक व्यावहारिक सत्य निघते. शेतकऱ्याला पहिला डाग दिसतो, तेव्हा न दिसणारा संसर्ग त्याच्या कितीतरी पट अधिक पसरलेला असतो.

रोगाची ओळख

करप्याची ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळेची गरज क्वचितच पडते. सकाळी लवकर शेतात जाणे आणि पान उलटून पाहणे, एवढी सवय पुरेशी आहे.

बटाट्याच्या पानांवर टोकांकडून किंवा कडांकडून पाणथळ, फिकट हिरवे, अनियमित आकाराचे डाग सुरू होतात. ते झपाट्याने वाढून तपकिरी व नंतर काळे पडतात. डागाभोवती फिकट हिरव्या रंगाचे वलय राहते. दव असताना पान उलटले, तर डागाच्या कडेने पांढरी, कापसासारखी वाढ दिसते आणि हीच रोगाची सर्वांत विश्वासार्ह खूण होय. ऊन चढले की ती नाहीशी होते. म्हणून दुपारी केलेली पाहणी फसवी ठरते. संशय असेल, तर डाग असलेले पान ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी पांढरी वाढ दिसली तर शंका फिटते. खोडावर व देठावर तपकिरी-काळे पट्टे येतात आणि तेथून झाड मोडते.

कंदाच्या सालीवर किंचित खोलगट, जांभळट-तपकिरी चट्टे दिसतात. कंद कापल्यास सालीखाली तांबूस-तपकिरी, कोरडी, रवाळ कूज आढळते. पानांवरील बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर मातीच्या भेगांतून खाली उतरतात, तेव्हा कंदांना हा संसर्ग होतो. अशा कंदात पुढे जिवाणूंचा शिरकाव होऊन ओली सड सुरू होते आणि साठवणुकीतील चांगले कंदही तिच्या तडाख्यात सापडतात.

टोमॅटोत पानांवरील लक्षणे तशीच असतात, पण शेतकऱ्याचे खरे नुकसान फळावर होते. हिरव्या फळावर, बहुधा देठाकडील खांद्याच्या भागात, तेलकट दिसणारे हिरवट-तपकिरी चट्टे पडतात. तो भाग खडबडीत व टणक राहतो आणि पुढे संपूर्ण फळ सडते. तोडणीच्या वेळी निर्दोष वाटलेले फळ क्रेटमध्ये भरून बाजारात पोहोचेपर्यंत डागाळू शकते.

परीक्षेत व शेतातही ज्याच्याशी गल्लत होते, तो ‘लवकर येणारा करपा’ वेगळा आहे. तो अल्टरनेरिया या खऱ्या बुरशीमुळे होतो. त्याचे डाग कोरडे, गडद तपकिरी असतात आणि त्यांत झाडाच्या खोडाच्या आडव्या कापात दिसतात तशी एकाभोवती एक वर्तुळे असतात. तो आधी खालच्या जुन्या पानांवर येतो, डागाभोवतीचे पान पिवळे पडते, पांढरी वाढ दिसत नाही आणि त्याला तुलनेने उबदार हवा मानवते. ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ ही विशेषणे पिकाच्या वयाविषयी आहेत, परंतु ती शब्दशः घेऊ नयेत. हवामान अनुकूल असेल तर उशिरा येणारा करपा पीक महिन्याभराचे असतानाही येतो.

रोग हंगामाबाहेर राहतो कोठे?

हा जीव जिवंत ऊतीवर जगतो. मग पीक नसताना तो टिकतो कोठे, हा प्रश्न नियंत्रणाचा गाभा आहे. भारताच्या मैदानी प्रदेशात त्याचे मुख्य आश्रयस्थान म्हणजे शीतगृहात ठेवलेले रोगट बेणे. काढणीच्या वेळी निरोगी वाटलेला, पण आत संसर्ग असलेला कंद पुढच्या हंगामात लावला जातो आणि त्यातून उगवलेले झाड साथीचा पहिला स्रोत बनते. शेताच्या कडेला वा शीतगृहाबाहेर टाकलेल्या सडक्या बटाट्यांचे ढीग आणि गेल्या हंगामातील राहिलेल्या कंदांतून आपोआप उगवलेली झाडे, हे अन्य स्रोत होत.

या जीवाचे ए-१ व ए-२ असे दोन प्रजनन प्रकार आहेत. दोन्ही एकाच झाडात एकत्र आले तरच जाड भिंतीचे अंडबीजाणू तयार होतात आणि ते मातीत दीर्घकाळ टिकू शकतात. मेक्सिकोबाहेर ए-२ प्रकाराची नोंद १९८० च्या दशकात झाली. तोपर्यंत उर्वरित जगात केवळ ए-१ प्रकार ज्ञात होता.

रोगाचे वाण बेण्याबरोबर देश ओलांडतात, याचे उदाहरण फार जुने नाही. ‘१३_ए२’ नावाचा आक्रमक वंश २००४ मध्ये युरोपात प्रथम आढळला. मेटॅलॅक्झिल या बहुपयोगी औषधाला तो दाद देत नव्हता. काही वर्षांतच तो दक्षिण भारतात दिसला. कर्नाटकात २००९ व २०१० मध्ये टोमॅटोवर आलेल्या तीव्र साथींमागे आणि पश्चिम बंगालमध्ये २०१३-१४ च्या हंगामात बटाट्यावर आलेल्या साथीमागे याच वंशाचे प्रकार असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले. कर्नाटकातील हासन जिल्हा पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध होता. तेथील शेतकरी पंजाबमधून येणाऱ्या बेण्यावर अवलंबून असत. पावसाळी, ढगाळ हवामान आणि वारंवार येणारा करपा यांमुळे तेथील बटाट्याखालील क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले आणि अनेकांनी मक्यासारख्या पिकांची वाट धरली. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांत घेतल्या जाणाऱ्या खरीप बटाट्यालाही अशाच हवामानाचा सामना करावा लागतो.

रोपवाटिकाही रोगाचे वाहन ठरू शकते. अमेरिकेच्या ईशान्य भागात २००९ मध्ये टोमॅटोवर आलेली साथ दुकानांतून विकल्या गेलेल्या रोगट रोपांमुळे दूरवर पसरली होती. घरामागील चार झाडांच्या वाफ्यातून व्यावसायिक शेतांपर्यंत रोग पोहोचला.

नियंत्रणाची शिडी

करप्यावर एकच रामबाण उपाय नाही. एकावर एक रचलेल्या उपायांची ती शिडी आहे आणि खालची पायरी गाळून वरच्या पायरीवर उडी घेतली तर खर्च वाढतो, यश मात्र मिळत नाही.

पहिली पायरी स्वच्छतेची. बेणे प्रमाणित व निरोगी घ्यावे. लागवडीपूर्वी कंद बाहेर पसरून डागाळलेले वेगळे काढावेत व खोल पुरावेत. सडक्या मालाचे ढीग ठेवू नयेत, आपोआप उगवलेली झाडे उपटावीत. टोमॅटोची रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत आणि टोमॅटोची लागवड बटाट्याच्या शेताला लागून करू नये.

दुसरी पायरी मशागतीची. पाने जितकी लवकर वाळतील, तितका रोग दूर राहील. यासाठी झाडांत पुरेसे अंतर ठेवावे, टोमॅटोला तार-काठीचा आधार द्यावा, जमिनीलगतची पाने काढावीत. ढगाळ हवेत तुषार सिंचन टाळून ठिबक वा सरीने, तेही सकाळी, पाणी द्यावे. नत्राची अतिरिक्त मात्रा पाला दाट करते आणि ओल धरून ठेवते. बटाट्याला मातीची उंच भर दिली की पानांवरून ओघळणारे बीजाणू कंदांपर्यंत सहजी पोहोचत नाहीत.

तिसरी पायरी प्रतिकारक्षम वाणांची. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची स्थापना १९४९ मध्ये पाटणा येथे झाली आणि १९५६ मध्ये ती शिमल्याला हलवण्यात आली. शिमल्याजवळील कुफरी या ठिकाणावरून संस्थेच्या वाणांना ‘कुफरी’ हे नाव मिळाले. १९६८ मध्ये प्रसारित झालेला कुफरी ज्योती हा वाण आरंभी करप्याला दाद देत नसे. कालांतराने रोगजीवाचे नवे प्रकार उदयास आले आणि त्याची ही क्षमता ओसरली. एकेका जनुकावर आधारलेला प्रतिकार अल्पायुषी ठरतो, हे त्यातून स्पष्ट झाले. मेक्सिकोतील टोलुका खोऱ्यात करप्यावर दीर्घकाळ संशोधन करणारे जॉन नीडरहाउजर यांना १९९० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांचा भर अनेक जनुकांच्या एकत्रित, टिकाऊ प्रतिकारावर होता. भारतात कुफरी हिमालिनी व कुफरी गिरधारी हे डोंगराळ भागासाठीचे अलीकडील प्रतिकारक्षम वाण होत. टोमॅटोत बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अर्का अभेद या संकरित वाणात अन्य रोगांबरोबर या करप्याचाही प्रतिकार आहे. तथापि बाजारात मागणी असलेला वाण आणि प्रतिकारक्षम वाण अनेकदा एक नसतात. शेतकरी रोगाला भिऊन वाण निवडतो, तसा तो व्यापाऱ्याच्या पसंतीकडे पाहूनही निवडतो.

चौथी पायरी औषधांची. १८८५ मध्ये फ्रान्सचे प्राध्यापक मिलार्डे यांनी द्राक्षावरील केवड्यासाठी मोरचूद व चुना यांचे मिश्रण प्रसिद्ध केले. केवड्याचा जीवही ऊमायसीटच असल्याने हे बोर्डो मिश्रण करप्यावरही उपयोगी पडले. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. मिश्रणात लोखंडी पाते बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे. आधुनिक औषधांत मेंकोझेब हे स्पर्शजन्य औषध प्रतिबंधासाठी वापरले जाते. त्याची ०.२५ टक्के तीव्रता म्हणजे दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम. स्पर्शजन्य औषध पानावर थर निर्माण करते, आत शिरलेल्या रोगाला ते रोखू शकत नाही. म्हणून ते रोग दिसण्यापूर्वी, हवामान प्रतिकूल होताच मारावे लागते. रोग दिसल्यावर पानात शिरणाऱ्या औषधाची जोड द्यावी लागते, उदाहरणार्थ सायमॉक्सॅनिल व मेंकोझेब यांचे संयुक्त औषध किंवा डायमेथोमॉर्फसह मेंकोझेब. हवामानानुसार सात ते दहा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी लागते. पानाची खालची बाजू भिजली नाही, तर फवारणी वाया जाते.

येथे दोन दक्षता अत्यावश्यक आहेत. एकच आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा वापरल्यास रोगजीव त्याला सरावतो. मेटॅलॅक्झिलची तीच गत झाली. वेगवेगळ्या गटांतील औषधे आलटून पालटून वापरणे हाच त्यावरील मार्ग होय. दुसरी दक्षता खाणाऱ्याच्या आरोग्याची. टोमॅटोची तोडणी दर काही दिवसांनी होते. त्यामुळे फवारणी आणि तोडणी यांमधील प्रतीक्षा काळ पाळणे हे बटाट्यापेक्षा टोमॅटोत अधिक कठीण आणि अधिक गरजेचे आहे. १९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाखाली नोंदणीकृत औषध, त्याच पिकासाठी व वेष्टनावर छापलेल्या मात्रेतच वापरावे. हातमोजे व तोंडावर पट्टी घालावी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये आणि पंप विहिरीत वा ओढ्यात धुऊ नये.

शेवटची पायरी काढणीची. बटाट्याच्या शेतात पाल्यावरील रोग सुमारे तीन चतुर्थांशाच्या पुढे गेला, तर पाणी बंद करून पाला कापून बाहेर काढावा आणि साधारण पंधरा दिवसांनी, साल घट्ट झाल्यावर काढणी करावी. हिरवा पाला कापणे शेतकऱ्याला जिवावर येते. पण त्या क्षणी पाल्याचा मोह सोडला तरच कंद वाचतात आणि पुढच्या वर्षीचे बेणे स्वच्छ राहते.

अंदाज : रोगाच्या आधी पोहोचण्याची कला

रोग हवामानावर अवलंबून आहे, म्हणजे त्याचा अंदाज वर्तवता येतो. नेदरलँड्समध्ये १९२६ मध्येच करप्याच्या अंदाजाचे नियम मांडले गेले. ब्रिटनमध्ये २०१७ पासून वापरात असलेल्या ‘हटन निकषां’नुसार सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा अधिक आणि प्रत्येक दिवशी किमान सहा तास ९० टक्के वा अधिक आर्द्रता असेल, तर धोक्याचा इशारा दिला जातो. भारतात केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पश्चिम उत्तर प्रदेशासाठी ‘झुलसाकास्ट’ व पुढे देशपातळीवर ‘इंडो-ब्लाइटकास्ट’ ही पद्धत विकसित केली. ग्रामीण कृषी मौसम सेवेतून मिळणाऱ्या सल्ल्याशी तिची सांगड घातली, तर शेतकरी ठरावीक दिवसांच्या फवारणीऐवजी गरजेनुसार फवारणी करू शकतो. धोका नसेल तेव्हा औषधाचा खर्च वाचतो आणि धोका असेल तेव्हा वेळ हातची जात नाही.

अर्थात इशारा वेळेवर आणि शेतकऱ्याच्या भाषेत पोहोचला तरच त्याला अर्थ आहे. इशारा मिळाल्यावर पंप, मजूर आणि औषध एकाच दिवशी उपलब्ध होणेही तितकेच महत्त्वाचे आहे. खंडाने जमीन कसणाऱ्या, हाती रोख रक्कम नसलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने रोग दिसण्यापूर्वी फवारणीवर खर्च करणे म्हणजे न आलेल्या संकटासाठी कर्ज काढणे होय. तो थांबतो, त्याचे कारण बहुधा अज्ञान नसून अडचण असते. विस्तार यंत्रणेने हे समजून घेतले नाही, तर तिचा सल्ला कागदावरच राहतो.

सार्वजनिक प्रश्न

करप्याचे बीजाणू बांध ओळखत नाहीत. दहा शेतकऱ्यांनी वेळेवर फवारणी केली आणि अकराव्याने सोडलेले रोगट शेत तसेच राहिले, तर त्या दहा जणांचा खर्चही वाया जाऊ शकतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, एकाच्या दुर्लक्षाचा भार दुसऱ्यावर पडण्याचा हा प्रकार आहे. म्हणून गावपातळीवर एकत्रित पाहणी, एकाच काळातील फवारणी आणि शीतगृहांच्या परिसराची स्वच्छता यांची जबाबदारी शेतकरी उत्पादक संघटना व ग्रामपंचायती उचलू शकतात.

शासनाची भूमिका चार ठिकाणी निर्णायक आहे. निरोगी प्रमाणित बेण्याची उपलब्धता ही पहिली, कारण बेण्याचा खर्च बटाट्याच्या एकूण खर्चातील मोठा वाटा असतो आणि तेथेच काटकसर केली जाते. दुसरी वनस्पती संगरोधाची. १९१४ चा विनाशक कीटक व पीडक अधिनियम आणि त्याखालील २००३ चा वनस्पती संगरोध आदेश हे परदेशी रोगप्रकारांना बंदरावर रोखण्याचे कायदेशीर आधार आहेत. तिसरी विम्याची. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत रोगामुळे होणारे नुकसान क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावरून मोजले जाते. शेजार वाचला आणि एकट्याचे शेत गेले तर भरपाईची वाट कठीण होते. त्यामुळे आर्द्रता व तापमान यांवर आधारलेल्या हवामान आधारित विम्याची या पिकांसाठी उपयुक्तता अधिक आहे. चौथी संशोधनाची. रोगजीव सतत बदलत असल्याने वाण व औषधे यांवरील काम एकदा करून संपत नाही.

मित्रहो, १८४५ मध्ये आयर्लंडच्या शेतकऱ्याला आपल्या शेतात काय घडते आहे, हे ठाऊक नव्हते. त्यावर औषध नव्हते, इशारा देणारी यंत्रणा नव्हती आणि ताटात दुसरे अन्न नव्हते. आज कारण ठाऊक आहे, वाण आहेत, औषधे आहेत, अंदाजाची पद्धत आहे. तरीही एखाद्या धुकट आठवड्यात कोणाचे तरी शेत काळवंडतेच, कारण ज्ञान आणि शेत यांमधील शेवटचे अंतर अजून पूर्णपणे मिटलेले नाही. ते अंतर मिटवण्याचे काम उद्या ज्यांच्या हाती प्रशासनाची सूत्रे येणार आहेत, त्यांच्याकडे वारशाने जाईल. तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याने हवामानाचा इशारा फाइलमध्ये ठेवला की त्याच संध्याकाळी गावागावांत पोहोचवला, यावर त्या आठवड्यातील कित्येक कुटुंबांचे वर्ष अवलंबून राहील.